गोळ्यांनी अटॅक थांबले, पण लिफ्टची भीती तशीच. आता थेरपी घ्यावी का?

मधुमालती:

नमस्कार. वय ३४. गेल्या वर्षी मला पहिला पॅनिक अटॅक आला तो लिफ्टमध्ये. चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी छातीत धडधडायला लागलं, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. वाटलं, संपलं सगळं. ईसीजी, थायरॉइड, रक्ताच्या तपासण्या, सगळं नॉर्मल निघालं. पुढच्या तीन महिन्यांत आणखी अकरा अटॅक आले. मी कॅलेंडरवर फुली मारायचे म्हणून आकडा लक्षात आहे.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. एस्सिटालोप्राम (नैराश्य आणि घबराटीवर रोज घ्यायचं औषध), आधी ५ मिलिग्रॅम आणि आठवड्याने १०. पहिले दहा-बारा दिवस मळमळ आणि अस्वस्थपणा आधीपेक्षा जास्तच. पाचव्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तेव्हा लक्षात आलं, रात्रभर झोप लागली होती. गेले सात महिने कॅलेंडरवर एकही फुली नाही.

पण लिफ्टमध्ये मी अजून पाऊल ठेवलेलं नाही. ऑफिस आठव्या मजल्यावर आहे. रोज जिने चढते, आणि कोणी विचारलं तर व्यायाम म्हणून चढते असं सांगते. मागच्या भेटीत हे डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) करणाऱ्या थेरपिस्टचं नाव लिहून दिलं. आता तीन प्रश्न आहेत. गोळीने बरं वाटतंय तर नुसतं बोलून आणखी काय होणार (हा नवऱ्याचा प्रश्न, पण माझ्याही मनात आहे)? थेरपी सुरू केली की गोळी बंद करता येईल का? आणि माझं बालपण चांगलं गेलं, घरात सगळे नीट आहेत, मग दर आठवड्याला पाऊण तास मी बोलायचं तरी काय?

विसावा:

मला पॅनिक नाही, डिप्रेशन होतं, त्यामुळे तेवढ्यापुरतंच सांगतो. माझ्या बाबतीत आधी थेरपी सुरू झाली आणि ती चालेना. थेरपिस्ट सांगायच्या, रोज सकाळी दहा मिनिटं बाहेर चालून या आणि वहीत लिहा. मी पलंगावरून उठून दात घासू शकत नव्हतो, चालणार कुठून? सहा आठवडे वही कोरी राहिली आणि त्याचीच लाज वाटू लागली. त्यांनीच मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या लागू पडल्यावर तीच वही भरायला लागली. गोळीने मला उठवलं. उठून काय करायचं ते मी तिथल्या खुर्चीत बसून शिकलो.

पायवाट:

मधुमालती ताई, तुमचं वाचताना मी दोनदा थांबले. जिने चढणं आणि त्याला व्यायाम म्हणणं मी तीन वर्षं केलंय.

आधी तिसरा प्रश्न, कारण मीही त्याच्यामुळेच थेरपी वर्षभर लांबवली. पॅनिकसाठीच्या सीबीटीत बालपणाबद्दल फार बोलावं लागत नाही. आमचं पहिलं सेशन जवळजवळ सगळं एका अटॅकवर गेलं. शेवटचा अटॅक, अगदी सावकाश. आधी काय जाणवलं? धडधड. ती जाणवल्यावर मनात काय आलं? हार्ट अटॅक येतोय. मग? घाबरले, त्याने धडधड वाढली, वाढली म्हणून खात्री पटली. त्यांनी हे कागदावर गोल काढून दाखवलं. तो कागद बघताना मला पहिल्यांदा कळलं की धडधडीला मी जो अर्थ लावत होते, तोच मला गोल फिरवत होता.

चौथ्या-पाचव्या सेशनला खरं काम सुरू झालं. जागच्या जागी एक मिनिट पळायचं. फिरत्या खुर्चीत गोल फिरायचं. नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. म्हणजे अटॅकमध्ये जे जे होतं ते मुद्दाम आणायचं, आणि ते आपोआप ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. पहिल्यांदा स्ट्रॉ मी अकराव्या सेकंदाला फेकला. थेरपिस्ट काही बोलल्या नाहीत, फक्त घड्याळ माझ्याकडे वळवून ठेवलं. सरावाच्या चौथ्या आठवड्यात एक मिनिट झालं. (हे घरी एकटीने सुरू करू नका. हृदयाचा त्रास, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावंच लागतं.)

यात गोळीचा काय संबंध? आहे, आणि तो मला खूप उशिरा कळला. माझ्या पर्समध्ये क्लोनाझेपामची, म्हणजे घबराट लवकर शमवणाऱ्या गोळ्यांची, एक स्ट्रिप कायम असायची. घेत नव्हते, नुसती असायची. थेरपिस्टनी विचारलं, लिफ्टमध्ये जाऊन आलात त्याचं श्रेय कोणाला? मी पटकन म्हटलं, पर्समध्ये गोळी होती ना. आणि माझी मलाच गप्प बसायची पाळी आली. लिफ्टमध्ये मी गेले होते, पण मनात नोंद झाली होती ती स्ट्रिपची.

पुढे वाचनात आलं की २००० साली पॅनिकच्या ३१२ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, इमिप्रामिन हे जुनं औषध आणि सीबीटी यांवर. सहा महिन्यांच्या देखभालीनंतर दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचं सगळ्यात बरं चाललं होतं. पण उपचार थांबवल्यावर पुढच्या सहा महिन्यांत चित्र उलटलं. ज्यांनी खऱ्या औषधाशिवाय (नुसती किंवा औषध नसलेल्या दिखाऊ गोळीबरोबर) सीबीटी केली होती त्यांची सुधारणा जास्त टिकली. यावरून औषध वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. एस्सिटालोप्रामशिवाय मी त्या खुर्चीपर्यंत पोचलेच नसते. पण आपण बरे कशामुळे झालो याचं उत्तर मनात फक्त ‘गोळी’ असेल, तर गोळी थांबते त्या दिवशी भीतीला परत यायला वाट मोकळी असते. म्हणून गोळी चालू असतानाच लिफ्टचा सराव करा, आणि गोळी कमी होत असतानाही थेरपी चालू ठेवा. माझी अशीच झाली.

आणि डॉक्टर व थेरपिस्ट, दोघांनाही एकमेकांबद्दल सांगा. माझ्या डॉक्टरांना थेरपी कुठवर आलीय हे माहीतच नव्हतं. ऐन सरावाच्या आठवड्यात त्यांनी डोस बदलला आणि कशाने काय झालं ते कोणालाच कळेना. त्यानंतर मी दोघांना लेखी परवानगी दिली आणि ते एकमेकांशी फोनवर बोलू लागले.

मधुमालती:

पायवाट ताई, वाचता वाचता उठून पर्स उघडली. आतल्या चेनच्या कप्प्यात ०.२५ ची स्ट्रिप आहे. दहातल्या चार उरल्यात, कडा दुमडून दुमडून पांढऱ्या झाल्यात. शेवटची कधी घेतली ते आठवतही नाही. पण पर्स बदलली की सगळ्यात आधी ती नव्या पर्समध्ये जाते. याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. ही टाकून देऊ का?

मनोवैद्य:

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय तुमच्या डोसबद्दल बोलणार नाही, बाकी सांगतो.

स्ट्रिप आज टाकू नका. थेरपिस्टसमोर काढून ठेवा. ती आधी घरी, मग ड्रॉवरमध्ये, मग कुठेच नाही, हा उपचाराचाच भाग होईल आणि पायऱ्या तुम्ही दोघींनी ठरवायच्या. हे तुमच्यासाठी, कारण तुम्ही ती घेत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणी क्लोनाझेपाम रोज घेत असेल तर ते एकदम बंद करणं धोक्याचं आहे, फिट येऊ शकते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: थेरपी सुरू झाली हे गोळी बंद करण्याचं कारण नाही. बरं वाटू लागल्यावरही एस्सिटालोप्रामसारखी औषधं साधारणपणे काही महिने, पॅनिकमध्ये बरेचदा वर्षभर चालू ठेवतो आणि मग टप्प्याटप्प्याने कमी करतो. अचानक थांबवलं की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं आणि पेशंटला वाटतं आजार परतला. बायपोलर आणि स्किझोफ्रेनियाची गोष्ट वेगळी. तिथे थेरपीचा उपयोग मोठा आहे, पण ती औषधाची जागा घेत नाही. इथलं वाचून त्या औषधांना कोणी हात लावू नये ही कळकळीची विनंती.

आणखी एक. एस्सिटालोप्रामसारखं औषध सुरू करताना किंवा डोस बदलताना, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये, अस्वस्थता वाढली किंवा जीव द्यावासा वाटू लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि घरच्या कोणाला तरी जवळ थांबवा.

तुमच्या यजमानांना एका सेशनला घेऊन जा, थेरपिस्टची हरकत नसेल तर. ‘बोलून काय होणार’ म्हणणारे बरेच जण तो कागदावरचा गोल पाहिल्यावर मदतीला लागतात.

मधुमालती:

गुरुवारी साडेपाचची वेळ मिळाली. फोनवर त्यांनी विचारलं, काय त्रास आहे? मी ‘लिफ्ट’ म्हटलं आणि पुढे बोलता येईना. त्या म्हणाल्या, एवढं पुरे आहे, बाकी इथे बघू. नवरा येतो म्हणालाय. त्यांचं क्लिनिक तिसऱ्या मजल्यावर आहे, पहिल्या दिवशी जिन्याने आलात तरी चालेल असं त्यांनी आपणहून सांगितलं. स्ट्रिप बरोबर नेतेय, दाखवायला.