शब्दचर्चा : रॉकमधलं ‘उत्स्फूर्त’ आणि ‘बसवलेलं’

प्रश्न : रॉक बँडच्या लाइव्ह वादनाबद्दल मराठीत लिहिताना इम्प्रोव्हायझेशनला (वाजवता वाजवता नवं रचत जाण्याला) सरसकट ‘उत्स्फूर्त वादन’ म्हणतात आणि अरेंजमेंटला (कुणी काय, कधी वाजवायचं याच्या आखणीला) ‘संगीत संयोजन’. मला दोन्ही खटकतात. दुसरे शब्द सुचतात का?

प्रतिसाद : अरेंजमेंटचं सोपं आहे. आपण नाटक बसवतो तसं गाणंही बसवतो. ‘संयोजन’ म्हटलं की अनिल मोहिल्यांसारखे संयोजक आठवतात. तिथे एकाने लिहायचं, बाकीच्यांनी वाजवायचं. चौघांनी तालमीत मिळून उभं केलेलं गाणं ‘बसवलेलं’च. पिंक फ्लॉइडने १९८०-८१ मध्ये ‘द वॉल’ रंगमंचावर आणलं, तेव्हा गाणी चालू असताना वादकांपुढे खरोखरची भिंत रचली जायची, सोबत ॲनिमेशन चालायचं. तिथे कुणाला चार आवर्तनं जास्त वाजवायची लहर आली असती तर पंचाईतच. त्याला मैफल नाही, ‘प्रयोग’ म्हणावं.

‘उत्स्फूर्त’ मात्र टाळाच. त्यात तयारीशिवाय सुचल्याचा भास आहे, आणि गफलत तिथेच होते. ऑलमन ब्रदर्स बँडचं ‘व्हिपिंग पोस्ट’ घ्या. १९६९ च्या अल्बमवर ते पाच मिनिटांच्या आसपास आहे. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात तेच जवळजवळ तेवीस मिनिटं चाललं. सुरुवातीचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, अकरा मात्रांचा : तीन, तीन, तीन, दोन. मध्ये एका जागी लय पार विरघळते, गाणं हरवलं असं वाटतं, आणि तरीही सगळे एकदम घरी परततात. गाणं इतकं पक्कं बसलं होतं म्हणूनच इतकं लांब जाता आलं. याला ‘उपज’ म्हणा, ख्यालगायक गाता गाता नवं काढतो तशी. उपज बंदिशीतूनच निघते.

प्रतिसाद : ‘उपज’ला माझी हरकत. ख्यालात वाट गायक काढतो, तबला-पेटी त्याच्या मागून जातात. ग्रेटफुल डेड या बँडच्या ‘डार्क स्टार’ गाण्यात पुढे कोण, हेच ठरलेलं नसतं. त्यांचा फिल लेश बास गिटारवर नुसता पाया धरून बसत नाही, जेरी गार्सियाच्या गिटारला भलत्याच दिशेला ओढतो. १९६८ च्या सिंगलवर तीन मिनिटांच्या आत संपणारं हे गाणं पुढच्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’वर तेवीस मिनिटांचं झालं. असं सगळ्यांनी मिळून चाचपडणं ‘उपज’मध्ये मावत नाही. पोरं ‘जॅम करू या’ म्हणतात, तेच राहू द्या.

प्रतिसाद : जॅम राहू द्या, पण आपले शब्द तिथे उपरे नाहीत. याच डेडचा ड्रमर मिकी हार्ट तबलावादक अल्लारखांकडून तालाचे हिशेब शिकला, आणि १९७६ च्या ‘दिगा’ अल्बमवर तो झाकीर हुसेनसोबत वाजवतो. तेव्हा मात्रा, आवर्तन हे शब्द बिनधास्त वापरा.

प्रश्न : मग दोन वादक समोरासमोर आले की ‘जुगलबंदी’ लिहितात, ते चालेल?

प्रतिसाद : दर वेळी नाही. डीप पर्पलच्या ‘मेड इन जपान’वर (१९७२) ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ ऐका. ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा फेकतो, गायक गिलन तोच गळ्यातून परत करतो, मग आणखी अवघड तुकडा. हे सवाल-जवाब झाले. तमाशा पाहिलेल्याला वेगळं समजवावं लागणार नाही. जुगलबंदीत दोघे मिळून एकच इमारत चढवतात.

प्रतिसाद : आणि अमेरिकन गिटारवादक-संगीतकार फ्रँक झप्पाला कुठे बसवणार? भर कार्यक्रमात तो डोक्याशेजारी जटा पिळल्यासारखी बोटं फिरवायचा, आणि त्या खुणेसरशी चालू गाणं तिथल्या तिथे रेगेत, म्हणजे जटाधारी वादकांच्या जमैकन शैलीत, जायचं.

प्रतिसाद : माझ्या मते ‘बसवलेलं’. खुणा तालमीत घोटलेल्या असत. कुठली खूण कधी येणार, तेवढंच झप्पाच्या मनावर. वादकांना त्याच्या हातावर नजर ठेवून वाजवावं लागे. त्याचे स्वतःचे गिटार सोलो मात्र खुशाल ‘उपज’मध्ये टाका.