मदत हवी आहे: पेक्स-२ ब्लॉक देऊनही छातीच्या मधोमध दुखतंय

एमआरएम, म्हणजे पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढायची शस्त्रक्रिया. पेशंट ५० किलो. जनरल भूल दिल्यावर सोनोवर बघून पेक्स-२ (छातीच्या स्नायूंच्या थरांत बधिर करणारं औषध सोडणं): तिसऱ्या बरगडीपाशी पेक्टोरॅलिस मेजर आणि मायनर या छातीच्या स्नायूंच्या मध्ये १० मिली, चौथीपाशी मायनर आणि बरगड्यांवरच्या सेरेटस स्नायूच्या मध्ये २० मिली, दोन्हीकडे ०.२५ टक्के बुपिव्हाकेन. जाग आल्यावर काख शांत असते, पण बोट जातं ते जखमेच्या आतल्या टोकावर, उरोस्थीलगत. कधी कॉलरबोनखाली. शेवटी फेंटानिल (अफूवर्गीय वेदनाशामक) द्यावंच लागतं. मात्रा वाढवू, की पॅराव्हर्टेब्रलकडे (मणक्याशेजारी नर्व्ह बधिर करणं) वळू? शिवाय सर्जनची तक्रार: काखेत नुसतं ब्लॉकचं पाणी, आणि लाँग थोरॅसिक नर्व्ह (सेरेटस हलवणारी) चिमटली तरी स्नायू हलत नाही.

प्रतिसाद: निळी सुई

मात्रा वाढवू नका. ब्लॉक लागलाय, तो तिथे पोचतच नाही. बरगड्यांमधल्या नर्व्हची बाजूची फांदी काखेच्या रेषेत बाहेर येते, ती तुम्हाला मिळाली. पुढची फांदी बरगड्यांच्या आतून थेट उरोस्थीच्या कडेला उगवते. तुमचं औषध बाहेरच्या थरात, ती आत. गाठ पडणार कशी?

तिच्यासाठी पॅरास्टर्नल ब्लॉक द्या: उरोस्थीच्या कडेपासून साधारण २ सेंमीवर, पेक्टोरॅलिस मेजर आणि बरगड्यांमधल्या स्नायूंच्या मध्ये. त्याखाली इंटरनल मॅमरी रक्तवाहिन्या आणि लगेच फुप्फुसाचं आवरण, त्यामुळे सुईचं टोक दिसत नसेल तर पुढे ढकलू नका.

आता हिशेब. ३० मिली म्हणजे ७५ मिग्रॅ बुपिव्हाकेन झालं. किलोला २ मिग्रॅची मर्यादा धरली तर ५० किलोला १०० मिग्रॅ, उरले २५, म्हणजे जेमतेम १० मिली. सर्जनने शेवटी जखमेत न सांगता २० मिली सोडलं की हद्द ओलांडली. त्याऐवजी ०.२ टक्के रोपिव्हाकेन घ्या: ३० मिलीला ६० मिग्रॅ, मर्यादा किलोला ३, हात मोकळा राहतो.

कॉलरबोनखालची कातडी मानेतून येणाऱ्या सुप्राक्लॅविक्युलर नर्व्हची आहे. तिथे पॅराव्हर्टेब्रलही काही करत नाही. वरच्या कडेला कातडीखाली थोडं औषध सोडायचं, अर्थात याच कोट्यातून.

प्रतिसाद: थंड जेल

आधी खोलचा थर, मग वरचा. उलटं केलंत की वरच्या पाण्याने खालचं चित्र धूसर होतं. दोन पेक्टोरॅलिसच्या मध्ये थोराकोअ‍ॅक्रोमियल धमनीची फांदी असते, कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारा सोनो) लावून बघाच. आधी १-२ मिली सलाईन सोडा: घडीच्या पोळीचे पदर सुटतात तसे थर सुटले पाहिजेत. स्नायूच फुगला तर सुई स्नायूत आहे.

सर्जनचं म्हणणं खरं आहे. सेरेटसवर टाकलेलं औषध लाँग थोरॅसिकपर्यंत जातं, मग नर्व्ह धडधाकट असूनही स्नायू उडत नाही. त्या उडण्यावरच ते नर्व्ह ओळखत असतील तर हे आधी बोलून घ्या. अशा वेळी पॅराव्हर्टेब्रल बरा, कारण ही नर्व्ह मानेतून येते, ती त्यात सापडत नाही. २०२० च्या प्रॉस्पेक्ट (शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनाचा तज्ज्ञगट) शिफारशींतही पहिली पसंती पॅराव्हर्टेब्रललाच आहे, पेक्स हा पर्याय. पण बीपी उतरतं, फुप्फुसाला टोचायचा धोका असतो, आणि ४० मिग्रॅ एनोक्सापॅरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) दिलं असेल तर १२ तास थांबावं लागतं. मेजरखाली एक्स्पांडर (नव्या स्तनासाठी जागा करणारी पिशवी) बसवणार असतील तर मात्र पेक्स हवाच: त्या स्नायूच्या पेक्टोरल नर्व्ह ब्रॅकियल प्लेक्ससच्या (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं), पॅराव्हर्टेब्रलला त्या मिळत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता

रोपिव्हाकेन आणि पॅरास्टर्नल दोन्ही करतो. इंट्रालिपिडची (बधिर करणाऱ्या औषधाची विषबाधा झाली तर शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) १०० मिलीची एक बाटली ओटीत आहे, पुरेल?

प्रतिसाद: निळी सुई

नाही. २० टक्के इंट्रालिपिड किलोला १.५ मिली, म्हणजे तुमच्या पेशंटला ७५ मिली, २-३ मिनिटांत. मग मिनिटाला १२.५ मिली. बाटली पुढच्या २ मिनिटांत रिकामी. निदान ५०० मिली हाताशी ठेवा. प्रोपोफॉल पांढरं दिसतं म्हणून चालत नाही, त्यात स्निग्धांश कमी आणि बीपी आणखी पाडतं. आणि जनरल भुलेत जीभ बधिर झाली, कानात आवाज येतोय असं सांगायला कोणी जागं नसतं. ईसीजीवर रुंद झालेला क्यूआरएस (ठोक्याची टोकदार लाट) आणि पडलेलं बीपी हीच तुमची पहिली खूण, म्हणून इंजेक्शननंतर मॉनिटरवरची नजर काढू नका.