लोलिएटा हॉलोवे: गळा हिचा, चेहरा भलतीचा

तबकडीवेडा
काल खडूसकाकांनी लिहिलं, "डिस्को म्हणजे यंत्राची धडधड, गाणारी कोणी का असेना." रात्रभर डोकं ठणकलं माझं. काका, लोलिएटा हॉलोवे ऐकलीय? शिकागोची बाई, चर्चमधल्या गॉस्पेलवर, म्हणजे तिथल्या भक्तिगीतांवर, तयार झालेला गळा. १९८० मध्ये 'लव्ह सेन्सेशन' गायली. १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्स नावाच्या इटालियन मंडळींनी त्यातल्या तिच्या आरोळ्या कापून 'राइड ऑन टाइम' केलं. ती म्हणते 'राइट'. यांना शब्दसुद्धा धड कळला नाही, चुकीचाच ऐकून शीर्षक ठेवलं! ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिला नंबर. टीव्हीवर ओठ हलवायला एक शिडशिडीत मॉडेल, आणि बाईचं नाव कुठेच नाही. २०११ च्या मार्चमध्ये गेली, ६४ व्या वर्षी. तेव्हाही 'ती कोण?' विचारणारेच जास्त भेटले.

खडूसकाका
ओठ हलवले म्हणून एवढा गळा काढायचा? आपल्या नट्या जन्मभर दुसरं काय करत आल्या? 'महल'मध्ये मधुबाला स्वतः गायली होती काय?

ठाणेकरीण
वा काका, उदाहरणही नेमकं तेच काढलंत! त्या तबकडीवर आधी गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. म्हणजे पात्राचं नाव. लताबाईंचं नव्हे. १९४९ ची गोष्ट.

बेसूर
आणि फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता, म्हणून बाईंनी तिथे गायला नकार दिला होता. १९५९ ला सुरू झाला तो.

खडूसकाका
लताबाई आणि ही डिस्कोवाली एका पंक्तीत? काहीही!

ठाणेकरीण
पंगत गळ्याची नाही हो, नावाची चाललीय. माझी आत्या सोळा वर्षं ऑर्केस्ट्रात गायली. गणपतीचे दहा दिवस रोज दोन कार्यक्रम, मधल्या वेळात टेम्पोत बसून वडापाव. पोस्टरवर निवेदकाचा फोटो हाऽ एवढा, आणि खाली 'व सहकलाकार'. सोळा वर्षं ती 'व सहकलाकार'.

बेसूर
ऑर्केस्ट्रावाल्यांचं कौतुक नको. तेही दुसऱ्यांचीच गाणी गाऊन पैसे घेत होते. मूळ गायकाला किती दिले?

ठाणेकरीण
रात्री दोनला शेवटची लोकल चुकल्यावर फलाटावर बसून बघा, मग पैशांचं बोला. आत्याला एका कार्यक्रमाचे पैसे अजून यायचेत. बोलवणारा वारलासुद्धा.

बेसूर
बरं बाई, शब्द मागे. मुद्दा मात्र मागे घेत नाही.

तबकडीवेडा
अहो, धागा लोलिएटाचा आहे!

खडूसकाका
तिला वकिलामार्फत पैसे मिळाले ना नंतर? मग रडगाणं कशाला?

तबकडीवेडा
मिळाले, भांडल्यावर. आणि १९९१ मध्ये मार्की मार्क या अमेरिकन रॅपरच्या 'गुड व्हायब्रेशन्स'वर तिचं नाव रीतसर आलं, व्हिडिओतही ती स्वतः उभी आहे. अमेरिकेत पहिला नंबर! नाव छापल्याने कुणाचं काय अडलं? तुम्ही आधी 'लव्ह सेन्सेशन' ऐका. शेवटाकडे ती आरोळी सोडते आणि सोडतच राहते, खाली यायला तयारच नाही. मग बोलू.

खडूसकाका
ऐकलं. दोनदा. बाई गाते, मान्य. मागची ती धडधड बंद करून कोणी देणार असेल तर तिसऱ्यांदाही ऐकेन.
आणि ठाणेकरीण, आत्याची एखादी कॅसेट असेल तर टाका इथे. नावासकट.