मदत हवी : विद्यापीठाच्या आवारात रस्ता सांगणारं ॲप कोणतं?

पळसफूल : लहान भावाची यंदा ॲडमिशन झाली. मॅप गेटापर्यंत बरोबर नेतो अन् "तुम्ही पोहोचलात" म्हणून मोकळा होतो. विभाग अजून बराच आत. कापूस वेचणी सुरू आहे, रोज फोनवर रस्ता सांगणं मला जमत नाही. चांगलं ॲप सुचवा. लवकर.

वऱ्हाडी_बाणा : पोराले विचारायले लाज वाटते का? आम्ही विचारत विचारत नागपूर पालथं घातलं.

पळसफूल : त्याला दिसत नाही.

वर्धेकर : हे आधी सांगा ना भाऊ! थोडंफार दिसतं की काहीच नाही? फोन कोणता? टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, वापरता येते?

पळसफूल : काहीच नाही. अँड्रॉइड. टॉकबॅक सराईत वापरतो. आणि मी ताई आहे.

नकाशेवाला : ऑस्मअँड घ्या, नेट नसलं तरी चालतं. त्याचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, आवारातल्या पायवाटा त्यात कोणीही काढू शकतं. फक्त खूण इमारतीवर नको, दारावर हवी. नाहीतर ॲप मागच्या भिंतीशी नेऊन सोडतं.

तंत्र_तात्या : जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर चुकतं, इमारतीत तर भरवसाच नाही. दारोदारी ब्लूटूथ बीकन लावा, म्हणजे जवळ आलं की फोनला खूण पाठवणारी छोटी यंत्रं.

नकाशेवाला : तात्या, त्याचे सेल कोण बदलणार? तिथं ट्यूबलाइट बदलत नाहीत.

तंत्र_तात्या : मग तुमच्या नकाशात उघडी नाली दिसते का?

संत्रा_बर्फी : यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं का? एसटीत सवलत मिळते.

पळसफूल : काढलं. एसटीचं विचारलंच नाही हो.

पांढरी_काठी : मी स्वतः पूर्ण अंध आहे. ॲप दाराच्या आसपास नेतं, पुढे काठीच. भावाने प्रत्येक दारासमोर, छपराबाहेर थांबावं, लोकेशन स्थिर झालं की जागा सेव्ह करावी. आतलं मित्राकडून रेकॉर्ड करून घ्यावं : किती पायऱ्या, जिना कोणत्या हाताला. दोन्ही कानांत इअरफोन नको, गाडी ऐकू येत नाही. नालीवर झाकण मात्र कोणतंच ॲप घालणार नाही. विद्यापीठाच्या समान संधी कक्षाला लेखी अर्ज द्या, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि यूजीसीची २०२२ ची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वं यांचा उल्लेख करा. पोच घ्या.

वऱ्हाडी_बाणा : ताई, पोरगा होस्टेलले राहते का? मेस कशी आहे तिथली?

नकाशेवाला : विद्यापीठ कोणतं ते अजून सांगितलंच नाही तुम्ही. सांगा, पायवाटा मी काढतो.

पळसफूल : व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला.