वीटभट्टीवरच्या मुलांचा वर्ग: दुभाषी ताईंच्या मानधनासाठी मदत कुठे मागावी?

कृष्णाकाठची
नमस्कार. मी सांगलीची, बालवाडीच्या नोकरीतून निवृत्त झालेली. आम्ही आठ जणी दोन वर्षं नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर मुलांचा वर्ग घेतोय. दिवाळी झाली की विजापूरकडून आणि आपल्याच जतच्या पूर्व भागातून कुटुंबं येतात, पाऊस तोंडावर आला की परत जातात. गावाकडं पाणी नाही म्हणून निघालेली माणसं. भट्टीमालकाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, ती हजारी विटांच्या हिशेबानं फेडायची. घरात बोलणं कन्नड, आणि जवळची शाळा मराठी.

गेल्या वर्षी सात वर्षांच्या एका मुलीला आम्ही शाळेत बसवून आलो. लघवीला जायचंय हे बाईंना कसं सांगायचं ते तिला कळेना. फ्रॉक ओला झाला, मुलं हसली. दुसऱ्या दिवशी ती आईच्या मागं लपली आणि बाहेर येईना. मग आमच्यातल्या एक ताई, माहेर जतकडचं म्हणून कन्नड येणाऱ्या, तिच्याशेजारी वर्गात चार दिवस बसून राहिल्या. पाचव्या दिवशी मुलगी स्वतःच दप्तर काखेत मारून निघाली. यंदा ती धाकट्या भावाला मराठी आकडे शिकवते, विटा मोजायला.

या ताई शिवणकाम करतात. भट्टीवर आल्या की त्या दिवसाची शिलाई बुडते. त्यांना महिना ५,००० प्रमाणे ७ महिन्यांचे ३५,०००, रिक्षाचे ५,६०० आणि वह्या-पाट्यांना ४,०००, म्हणजे सगळे मिळून ४४,६०० रुपये हवेत. एका मंडळानं आनंदानं चाळीस दप्तरं दिली, फोटो काढले. मुलांनी त्यात घरातलं पीठ-मीठ ठेवलं, कारण झोपडीत उंदीर फार. दप्तरं उपयोगी पडलीच, पण माणसाच्या मानधनाचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. एका कंपनीनं तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागितले. आमची तर अजून नोंदणीही नाही. कुठं जावं?

हिशेबवही
ताई, कंपनीला दोष देऊ नका, तो नियमच आहे. सीएसआरचे, म्हणजे कंपनीनं सामाजिक कामासाठी ठेवलेले, पैसे बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचे तर त्या संस्थेला तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय प्राप्तिकर खात्याच्या १२ए, ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या आणि सीएसआर कामासाठीचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक.

तरी नोंदणीला आत्ताच लागा. सात जणींवर संस्था होते, तुम्ही आठ आहात. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींची नोंद धर्मादाय कार्यालयातच होते. त्यानंतर पॅन, बँक खातं, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर नोंद. आणि आजपासून प्रत्येक रुपयाची पावती, प्रत्येक दिवसाची हजेरी लिहून ठेवा. तीन वर्षांनी तेच तुमचं भांडवल.

मानधनाबद्दल एक महत्त्वाचं. अर्ज वाचणारे ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत’ म्हणून कात्री लावतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्यात धरत नाहीत. म्हणून ‘पगार’ असा मोघम शब्द नको. ‘वर्गात प्रत्यक्ष भाषा-साहाय्य, आठवड्यातून पाच दिवस’ असं कार्यक्रम खर्चाखाली लिहा, सोबत त्या मुलीची हकीकत जोडा.

यंदापुरतं एखाद्या जुन्या नोंदणीकृत वाचनालयाशी किंवा महिला मंडळाशी लेखी करार करा. त्यांच्या घटनेत शिक्षणाचा उद्देश आहे ना, तेवढं आधी तपासा. पैसा त्यांच्या खात्यात येईल, काम तुम्ही कराल.

निवृत्त मास्तर, कराड
मी चाळीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली. ताई, शाळेची वाट सोडू नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाप्रमाणं वर्गात बसवायचं असतं. मे महिन्यात मुलं परत निघतील तेव्हा मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. जतची मुलं गावच्या शाळेत गेली की तिथल्या गुरुजींना कळतं, हे पोर कुठवर शिकलंय. पलीकडच्या कर्नाटकातल्या मुलांसाठी साध्या कागदावर प्रगती लिहून शिक्का मारून घ्या, पालकाच्या हाती काहीतरी असू दे.

पैशाचं म्हणाल तर शाळा व्यवस्थापन समितीला लोकवर्गणी घेता येते. समितीनं ठराव केला तर गावातलेच दोन-चार द्राक्षबागायतदार एवढी रक्कम उभी करतील. भट्टी ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत अर्ज द्या, पोच घ्या. आणि भट्टीमालकाला एकदा भेटाच. दिवसाला एक तास सावली आणि पाण्याचा माठ त्यानं दिला तरी पुष्कळ.

पंचगंगाकाठ
पैशाचं वरच्या दोघांनी सांगितलंय, मी वेगळंच लिहिते. माझी आजी कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याजवळची. १९४३ ते १९४८ तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. सुरुवातीला खर्च लंडनमध्ये आश्रयाला असलेलं त्यांचं सरकार करायचं. आजी लहानपणी आईबरोबर तिथं अंडी विकायला जायची. म्हातारपणी तिला जेवणखाण आठवायचं नाही, पण ‘यायका’ म्हणजे अंडी हे पक्कं आठवायचं. सौदा करताना शिकलेला शब्द.

तुमच्या वर्गात उलटंही करून बघा. भट्टीवरच्या आयांना शाळेत बोलवा, गावातल्या मुलांना दहा कन्नड शब्द शिकवू देत. ज्या मुलीला हसले, तिच्याच आईकडून शिकले की हसणं थांबेल. याला पैसाही लागत नाही.

कृष्णाकाठची
तिघांचेही मनापासून आभार. हिशेबवही दादा, कात्री कुठं लागते ते आज पहिल्यांदा कळलं. आमच्या अर्जात ‘इतर खर्च’ लिहिलं होतं, म्हणजे आम्हीच ताईंना ‘इतर’ केलं होतं. नव्यानं लिहिते.

मास्तर, काल मुख्याध्यापकांना भेटले. समितीची बैठक पुढच्या शनिवारी आहे, विषय घ्यायला ते तयार आहेत. ग्रामसभेचं मात्र कठीण वाटतंय. ‘ती आपली मतदार नाहीत’ असं एकानं तोंडावरच सांगितलं. तरी अर्ज देणार आहे.

पंचगंगाकाठ, तुमचं वाचून ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पहिला शब्द ‘नीरु’ शिकवू, पाणी. त्या मुलीच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, मला लाज वाटते, पण दुपारच्या सुट्टीत येईन, अंगावरची माती धुवून. शाळेच्या नळावर साबण आणि टॉवेल आम्ही ठेवतोय.