बांधाच्या पायथ्याला धार लागली आहे, बुजवावी का?

प्रश्न
मातीचा बांध, उंची 6 मीटर. मध्ये काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम. तलाव भरत आला की कोरड्या बाजूच्या पायथ्याला, मोरीच्या (तलावातलं पाणी सोडायच्या) पाइपापासून दोनेक मीटरवर, बारीक धार लागते. बाहेरून काळी माती दाबून बंद केली तर?

प्रतिसाद 1
अजिबात नको. बाहेरून तोंड दाबलं की पाणी बांधाच्या पोटात तुंबतं, ओल वर चढते आणि उतार घसरतो. मातीचा बांध थोडा झिरपणारच. पाण्याबरोबर माती येते का, ते बघा: काचेच्या बाटलीत पाणी तासभर ठेवा, तळाशी गाळ बसला तर बांध आतून पोखरतोय. 10 लिटरची बादली किती सेकंदांत भरते तेही रोज तलावाच्या पातळीसोबत लिहा. पातळी तीच असून धार वाढली, तर लक्षण वाईट.

प्रश्नकर्ता
बादली 40 सेकंदांत भरते. काल पाणी नितळ होतं, आज पावसानंतर जरा गढूळ.

प्रतिसाद 2
म्हणजे सेकंदाला पाव लिटर. उतारावरून येणारं पावसाचं पाणी चर काढून वळवा, मग पुन्हा बाटली भरा. तरीही गढूळ असेल तर मोरी उघडून पातळी उतरवा, पण बेतानं. झपाट्यानं उतरवली तर पाण्याकडचा भिजलेला उतार पिचिंगसकट (वरच्या दगडी अस्तरासकट) खाली येतो. धारेवर उलटी गाळणी करा: आधी धुतलेली जाडसर वाळू 20-30 सेंमी, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, वर दगडांचं वजन. थेट मोठी खडी टाकलीत तर फटींतून माती निघून जाते. धार जोराची होऊन वाळू टिकेना, तर खालच्या वस्तीला आधी हलवा, बाकी नंतर.

प्रतिसाद 3
माझा संशय पाइपावर. गोल पाइपाच्या बगलेत रोलर पोचत नाही. तिथे ओलसर माती 10 सेंमीच्या थरांनी हातठोक्यानं ठोकावी लागते, आणि नेमकं तेच राहून जातं. तलाव आटल्यावर पाइपाचे सांधे तपासा. कोरड्या बाजूच्या शेवटच्या भागात पाइपाभोवती वाळूची गाळणी घाला, तिचं पाणी पायथ्याच्या चरात सोडा. बांधावरची मोठी झाडं आणि घुशींची बिळंही बघा. आणि साठा वाढावा म्हणून सांडव्यात (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत) कुणी गोण्या रचल्या असतील, तर त्या आजच काढा.