डिजिटल परिवर्तनाचं मूल्यमापन करताना नेमकं काय मोजायचं?

प्रश्न:
आमच्या विद्यापीठात एलएमएस (ऑनलाइन अध्यापन-व्यवस्थापन प्रणाली), ऑनलाइन प्रवेश आणि ऑनलाइन फाइल-प्रणाली तिन्ही सुरू आहेत. मूल्यमापनासाठी विभागांकडून १ ते ५ गुण मागवले, तर बहुतेकांनी ४ लिहून पाठवले. डॅशबोर्डवर लॉगिनही भरपूर दिसतात. एवढ्यावर अहवाल लिहावा का?

उत्तर १:
लिहू नका. लॉगिनवरून कुणीतरी आत आलं एवढंच कळतं. हजेरी एलएमएसवर लागत असेल तर तो आकडा फुगणारच. पानावर घालवलेला वेळही धरू नका, टॅब नुसता उघडा राहिला तरी तो वाढतो.

साधनाऐवजी एखादं काम धरा, उदाहरणार्थ पुनर्मूल्यांकन. अर्ज, शुल्क, उत्तरपत्रिका काढणं, तपासणी, सुधारित निकाल: प्रत्येक टप्प्याच्या तारखा काढा. सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या, कारण चार-दोन रखडलेल्या प्रकरणांनी सरासरी बिघडते. पण विद्यार्थ्याचं नुकसान त्याच प्रकरणांत होतं, म्हणून ९०वं शतमकही, म्हणजे शंभरातली नव्वद प्रकरणं जितक्या दिवसांत संपतात तो आकडा, सोबत द्या.

मग तीच माहिती किती वेळा हाताने भरली जाते ते मोजा. अर्ज ऑनलाइन येतो, त्याची प्रिंट निघते, सही होते आणि स्कॅन करून तो पुन्हा चढवला जातो. याला मी परिवर्तन म्हणणार नाही, इथे काम उलट वाढलं.

उत्तर २:
सगळीकडे ४ येतात, कारण ४ म्हणजे काय हे कुठे लिहिलेलंच नसतं. प्रत्येक पातळीपुढे पुरावा ठरवा. ३ साठी मंजूर कार्यपद्धती, ४ साठी सलग दोन सत्रांच्या सिस्टीममधल्या नोंदी. मग दुसऱ्या विभागातल्या दोघांनी एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे गुण द्यावेत. दोघांच्या गुणांत एकापेक्षा जास्त फरक पडला तर पुरावा समोर ठेवून बोला.

मुद्द्यांसाठी युरोपीय आयोगाची डिगकॉम्पऑर्ग ही शिक्षणसंस्थांच्या डिजिटल क्षमतेसाठीची २०१५ची चौकट बघा. तिच्यात ७ घटक आणि ७४ वर्णनं आहेत. सगळी वर्णनं प्रश्नावलीत घालू नका, लोक कंटाळून मधलाच आकडा निवडतात.

प्रश्नकर्ता:
प्रणाली येण्याआधीचे आकडेच नाहीत. तुलना कशाशी करू?

उत्तर ३:
आवक-जावक रजिस्टरात तारखा असतात. जुन्या एका सत्रातली प्रकरणं तिथून यादृच्छिक निवडा, नव्या सत्राची मात्र सगळीच घ्या. दोन्हीकडे सुरुवात आणि शेवट एकच धरा. जुन्यात अर्ज पोहोचल्याची तारीख आणि नव्यात शुल्क भरल्याची धरली, तर नवी प्रणाली विनाकारण वेगवान दिसते. प्रणाली तपासून बघायला उघडलेली चाचणी खाती आधीच वगळा. विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण वर्गात कागदावरही घ्या, ऑनलाइन घेतलं तर ज्यांना पोर्टल उघडायलाच अडचण येते तेच सुटतात.